४४ इंची फोटो प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या जोडता येतील का?

रत्नागिरीत स्टुडिओ आहे आणि कार्ट्रिजचा खर्च परवडत नाही म्हणताय, तर जोडता येतील. पण आधी मॉडेल बघा. एप्सनच्या ९९०० सारख्या मशिनात पंप हवेच्या दाबाने कार्ट्रिजमधली शाई पुढे ढकलतो. तिथे उघड्या बाटलीचा जुगाड चालत नाही; रिफिलेबल (पुन्हा शाई भरता येणारी) कार्ट्रिज आणि चिप रिसेटर (कार्ट्रिजच्या चिपला पुन्हा ‘भरलेली’ दाखवायला लावणारं यंत्र) घ्या नि मोकळे व्हा.

पंप नसेल तर सगळा खेळ उंचीचा. बाटलीतल्या शाईची पातळी हेडच्या (कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या) नोझलपेक्षा, म्हणजे बारीक छिद्रांपेक्षा, थोडी खालीच हवी. वर गेली की शाई आपोआप ठिबकून कागदाचा सत्यानाश. फार खाली गेली की मोठ्या प्रिंटमध्ये अर्ध्यावर एखादा रंग फिका पडत जातो. बाटल्या स्क्रूने वरखाली होणाऱ्या फळीवर ठेवा. झाकणाला दोन भोकं: एक नळीचं, दुसरं हवेचं. हवेच्या भोकावर फिल्टर लावाच, ते बुजलं तर बाटलीत निर्वात होऊन शाई अडते. नळीचं टोक तळाला टेकवू नका, पिगमेंट शाईचा (बारीक रंगकण असलेल्या शाईचा) गाळ तिथेच बसतो. जोडण्याआधी सिरिंजने शाई ओढून बुडबुडे काढा, एकही राहता कामा नये.

सलाईनची नळी मेडिकलमध्ये स्वस्त मिळते, पण हेडबरोबर सतत वाकून ती टिकत नाही. शाईसाठीचीच नळी घ्या.

आणि आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. प्रिंट चालू असताना गेली तर हेड उघडं राहून सुकतं. यूपीएस आधी, बाटल्या नंतर.