आधी व्याज लिही

बाळा,

काल लॅबमध्ये आलीस, हातात ते प्रायव्हेट कॉलेजच्या लॅब टेक्निशियन कोर्सचं माहितीपत्रक, घड्या घालून घालून मधला फोटो पांढरा पडलेला, आणि विचारलंस, "काका, घेऊ का अॅडमिशन?" तेव्हा चार पेशंट बाही वर करून बसलेले, म्हणून तुझ्यावर खेकसलो. रात्री झोप येईना म्हणून लिहायलोय.

काम चांगलंय का वाईट हे मी सांगत बसत नाही, ते तुला कळतंय. पण कागदावर तू फी लिहिलीस, पगार लिहिलास, व्याज कुठंय? वर्षाला ९० हजार म्हणजे तीन वर्षांचे २ लाख ७०. लातूरला रूम-मेस महिन्याला ४ हजारात भागवलंस (भागत नाही) तरी १ लाख ४४. झाले ४ लाख १४ हजार, आणि बाबा आणणार सावकाराकडून, महिना शेकडा दोन रुपयानं. म्हणजे शेवटी महिन्याला ८ हजार २८० नुसतं व्याज, मुद्दल तसंच उभं. आमच्या इथं नवीन लागलेल्या पोराला ११ हजार मिळतात. कर वजाबाकी.

आणि "नंतर स्वतःची लॅब टाकीन" म्हणे! अगं, २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी (पदव्युत्तर शिक्षण) केलेल्या डॉक्टरचीच पाहिजे. म्हणजे मशीनचा हप्ता, रिएजंट (तपासणीची रसायनं), भाडं आणि वर डॉक्टरचे पैसे. आधी व्याज लिही, मग स्वप्नं.

मी कर्ज काढलं तेव्हा नव्हतं लिहिलं. पहिल्याच नोकरीत एक सॅम्पल आलं, रक्त गरगर फिरवायच्या मशीनमधून, सेंट्रीफ्यूजमधून, काढलं तर सीरम, म्हणजे वर येणारं पाणी, पिवळसर यायच्या ऐवजी लालभडक. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं, आकडा खोटाच वाढतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हणलं परत रक्त घेऊ. मालक म्हणला लिहून टाक, एवढ्यासाठी पेशंटला परत बोलावतोस काय. दोन दिवसांनी सावकार दारात येणार होता. मी तो वाढलेला आकडा लिहिला, ६.८. तिकडच्या डॉक्टरला शंका आली, त्यानं परत टेस्ट करवली, नॉर्मल निघाली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्या ट्यूबचा रंग मात्र अजून डोळ्यासमोरून जात नाही.

कर्ज फिटल्यावर मी तीन ठिकाणी "असला रिपोर्ट मी देत नसतो" म्हणून नोकरी सोडली. लोक म्हणतात, ह्याचं कुठंच जमत नाही. म्हणू देत. तुझी काकू अजून ऐकवती, पुण्याला गेला असता तर दुप्पट कमावलं असतं. असेल. इथं आईकडं बघायला कोण होतं? आणि मी काही घाबरून राहिलो नाही, कुणी काही म्हणो.

असो. संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर, सगळीकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथं बीपीएमटीच्या (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीच्या) लॅब टेक्निशियनच्या सीटा आहेत का, फी किती, हे स्वतः जाऊन विचार. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा कोर्स आहे, तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. एक वर्ष जास्त जातंय म्हणून तोंड वाकडं करू नको. आणि ह्या प्रायव्हेटवाल्याला पॅरामेडिकल कौन्सिलची मान्यता आहे का, ते माहितीपत्रकात बघ, मला तर दिसली नाही.

रविवारी दुपारी ये. बाबांना घेऊनच ये, सावकार नेमका काय भाव लावायलाय ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.