नाशिकमध्ये राहून तौलनिक शिक्षणात संशोधक होता येतं का?

तुम्ही विचारलंय की एम.एड. नाशिकला झालं, आता आंतरराष्ट्रीय आणि तौलनिक शिक्षणात, म्हणजे देशोदेशीच्या शिक्षणाची तुलना करणाऱ्या विषयात, पीएच.डी. करायची आहे, तर परदेशी न जाता काही जमेल का?

जमेल. माझी पीएच.डी. इथलीच आहे. फक्त ‘तौलनिक शिक्षण’ या नावाची जागा जाहिरातीत शोधत बसू नका. जागा निघते ती शिक्षणशास्त्राची, म्हणून नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा त्यातच द्या आणि तिच्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसाठी जीव तोडून अभ्यास करा. २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. मला ती मिळाली नाही. चार वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, मानधन सहा-सहा महिने थकायचं आणि प्रबंध रात्री लिहायचा. ती ओढाताण तुमच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

खरी गफलत होते ती विषय निवडताना. माझ्याकडे येणारी दहातली सहा मुलं ‘फिनलंड आणि महाराष्ट्र’ घेऊन येतात. परक्या बागेतली फुलं-पानं खुडून आपल्या मातीत खोचली म्हणून झाड जगत नाही, असं इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी १९०० सालीच बजावलं होतं. आपल्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. तो आधी माती-पाणी बघून खुंट लावतो, कलम नंतर भरतो.

माझा विषय पेठ तालुक्यातल्या एका शाळेत सापडला. फेब्रुवारी होता. दुसरीच्या हजेरीपटात निम्म्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा. मुलं शाळा सोडून गेली नव्हती, आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामावर होती. उरलेल्यांत एक मुलगी गणित वहीत मराठीत मांडत होती आणि ओठांतल्या ओठांत कोकणीत मोजत होती, म्हणजे आपल्या डोंगरातल्या कोकणा लोकांच्या बोलीत. शेजारी वारली आणि महादेव कोळी मुलं, त्याच सतरंजीवर. मातृभाषेतून शिकवायचं म्हटलं तर नेमकी कुणाच्या?

हाच पेच फिलिपिन्समध्ये आहे. तिथे २०१२ मध्ये बालवर्ग ते तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण सुरू झालं आणि २०२४ च्या कायद्याने ती सक्ती उठवली. आता एकभाषिक वर्गातच ते ऐच्छिक ठेवलंय. हे वाचल्यावर मला पेठची शाळा नव्याने दिसली. तुलनेचा उपयोग मला तरी तिथे कळला. कोणता देश कितव्या नंबरावर, या तक्त्यांतून तो कधीच कळला नव्हता.

परदेशाचं म्हणाल, तर इथे नोंदणी करून फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल शिष्यवृत्तीवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत जाता येतं. भारतीय तौलनिक शिक्षण संस्था १९७९ पासून आहे, तिच्या परिषदेत निबंध वाचा. मार्गदर्शक अशाच ठिकाणी भेटतात. पेपर इंग्रजीत लिहावे लागतील, पण शाळेतल्या नोंदी मराठीतच ठेवा. मुलांचं बोलणं जसंच्या तसं राहतं.

येत्या फेब्रुवारीत नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून पेठची एसटी धरा आणि एखाद्या शाळेत परवानगी काढून आठवडाभर मागे बसा. मग जो प्रश्न डोक्यातून जाणार नाही तो दोन पानांत लिहून पाठवा, मी वाचून कळवते.