टॅरँटुला कात टाकताना मध्येच अडकलीय, पाय मी सोडवू का?

तुम्ही लिहिलंय की तुमची रेड नी (लालसर गुडघ्यांची टॅरँटुला, म्हणजे पाळलेली मोठी केसाळ कोळीण) रात्रीपासून पाठीवर पडलीय, कवच सुटलंय, पण दोन पाय जुन्या कातीतच आहेत आणि घरचे म्हणतात, मेली, टाकून द्या. आधी घरच्यांना आवरा. मरणारी टॅरँटुला सहसा सरळच असते आणि पाय पोटाखाली मुडपून घेते. उलटी पडलीय म्हणजे कात टाकतेय.

मंद उजेडात बघा. पाय थांबून थांबून हलत असतील तर हात लावू नका. मोठ्या मादीला यात कित्येक तास जातात. हालचाल बराच वेळ पूर्ण थांबली असेल तरच मदत करा. कोमट पाण्यात थोडं ग्लिसरीन घाला आणि बारीक ब्रशने फक्त अडकलेल्या सांध्यावर लावा. पोटाच्या खालच्या बाजूला चार फिकट चट्टे असतात, तिथून ती श्वास घेते. आत्ता ती बाजू वर आहे, तेव्हा तिथे थेंबही सांडू नये. चिमट्याने ओढायचं तर मुळीच नाही, नवी कातडी लगेच फाटते. पाय गेलाच तर जाऊ दे, पुढच्या एकदोन कातींत परत येतो, आधी जरा बारीक.

कातीत असं अडकणं होतं बहुतेक वेळा अंगात पाणी कमी पडल्यामुळे. पायाचे मोठे सांधे सरळ करायला तिला स्नायूच नाहीत, रक्ताच्या दाबावर काम चालतं. मुंबईची हवा दमट आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण खोलीत रात्रंदिवस एसी असेल तर त्या दमटपणाचा काय उपयोग? स्प्रे मारत बसण्यापेक्षा पाण्याची वाटी कायम भरलेली ठेवा. खाणं सोडलं, पोटावरचा केस झडलेला भाग काळवंडला, की वाटीकडे जास्तच लक्ष द्या. आमच्याकडे तेव्हा एसीचा रिमोट माझ्या ताब्यात असतो, त्यावरून भांडणंही होतात.

पेटीत रातकिडा किंवा झुरळ राहिलं असेल तर आत्ताच काढा, मऊ अंगाला ते कुरतडतात. सुळे आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे झाल्याशिवाय खायला देऊ नका, पाणी मात्र चालेल.

आणि ती कात फेकू नका. ओली करून पोटाचा भाग अलगद पसरा. छातीकडच्या दोन चट्ट्यांच्या मधे आतून छोटी पिशवी दिसली तर मादी. नर असेल तर पुढचं वेगळं आहे: वयात आल्यावर त्याने पुन्हा कात टाकायला घेतली, तर बहुतेक वेळा तो त्यातून सुटत नाही.