ट्रायकोडर्मा पावडरीतले स्पोअर शाळेच्या मायक्रोस्कोपवर मोजता येतात का?

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या. गटात बनवलेल्या ट्रायकोडर्मात (पिकाचा मर रोग रोखणारी मित्रबुरशी) स्पोअर, म्हणजे बुरशीचे बीजाणू, किती हे शाळेच्या मायक्रोस्कोपवर समजते का, अन् तोच आकडा पाकिटावर छापता येते का. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही.

आम्ही इकडे दारव्ह्याकडे तूर-हरभऱ्याच्या मर रोगासाठी ज्वारीच्या दाण्यावर ट्रायकोडर्मा वाढवतो, मोजायचं काम माझ्याकडेच राहते. १० चा आयपीस अन् ४० चं ऑब्जेक्टिव्ह असलं की झालं, स्पोअर मस्त दिसतात. मोजायला वेगळं लागते ते हिमोसायटोमीटर, म्हणजे बारीक चौकोन आखलेली जाड काच, तिला न्यूबॉर चेंबर म्हणतात. त्याच्या मधल्या १ मिमीच्या चौकोनात २५ छोटे चौकोन राहतात अन् वरची काच बसवली की खाली ०.१ मिमी जागा उरते, म्हणजे त्या मधल्या चौकोनावर १ मिलीचा दहा हजारावा भाग पाणी. सगळे २५ मोजत बसू नका, चार कोपऱ्यांचे अन् मधला असे ५ मोजा, ५ ने गुणा, मग १०,००० ने. समजा ५ चौकोनांत १८० आले तर १ मिलीत ९० लाख. आता १ ग्रॅम पावडर १० मिली पाण्यात धुतली अन् त्यातलं १ मिली परत ९ मिलीत टाकलं असेल तर अजून १०० ने गुणा, म्हणजे ग्रॅमला ९० कोटी. रेषेवर बसलेले स्पोअर वरच्या अन् डाव्या रेषेचे धरायचे, खालच्या-उजव्या रेषेचे सोडायचे, नाहीतर एकच स्पोअर दोन चौकोनांत मोजला जाते. पाण्यात ट्वीन ८० चा (साबणासारखं काम करणारं द्रव) एखादा थेंब टाका, नाहीतर गठ्ठे होतात. अन् आपल्याकडच्या मे महिन्यात काचेखालचं पाणी बघता बघता सुकते बाप्पा, पंखा बंद करूनच बसा.

खरी गोची टाल्कची, म्हणजे पावडरीत मिसळलेल्या भुकटीची आहे. त्याचेही बारीक कण दिसतात अन् नवीन माणूस तेही स्पोअर म्हणून मोजून टाकते. म्हणून मोजायच्या आधी साइज पाहायची. आयपीसमध्ये एक बारीक पट्टी बसते, ऑक्युलर मायक्रोमीटर, पण तिच्यावरच्या रेघांना स्वतःचं काही माप नसते, ते स्टेज मायक्रोमीटरवरून, म्हणजे खरं माप आखलेल्या काचेवरून काढावं लागते. त्या काचेवर १ मिमीचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. पट्टीचे ४० भाग तिच्या १० भागांशी जुळले तर पट्टीचा एक भाग २.५ मायक्रॉन झाला. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे परत जुळवायचं. ट्रायकोडर्माचा स्पोअर साधारण ३-४ मायक्रॉनचा, गोलसर, हिरवट अन् सगळे जवळपास एकसारखे. वेडेवाकडे, लहानमोठे तुकडे दिसले की ते टाल्क, सोडून द्या.

आता पाकिटाचं. मायक्रोस्कोपला मेलेला स्पोअर अन् जिता स्पोअर सारखाच दिसते. सरकारी नियमात ट्रायकोडर्माला ग्रॅममागे कमीत कमी २० लाख सीएफयू लागतात, म्हणजे प्लेटवर उगवून दाखवणारे, अन् ते काम लॅबचंच. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर बटाट्याच्या पाण्यात थोडी साखर अन् किराण्यातला चायना ग्रास टाकून कुकरमध्ये शिजवा, स्वच्छ काचेवर पातळ थर द्या, त्यावर स्पोअरचं पाणी पसरा अन् झाकून दमट जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी १०० स्पोअर पाहायचे, ज्याचा कोंब स्पोअरच्या जाडीएवढा तरी निघाला तो जिता धरायचा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडलेल्या मालाची ही टेस्ट पेरणीआधी करून पाहाच.

रायझोबियम (डाळवर्गीय पिकाच्या मुळावर गाठी करणारे बॅक्टेरिया) मात्र न्यूबॉर चेंबरवर मोजायला जाऊ नका. बॅक्टेरिया लय बारीक, १०० च्या ऑइल लेन्सशिवाय धड दिसत नाही अन् या चेंबरची जाड काच ती लेन्स जवळच येऊ देत नाही. त्याला ०.०२ मिमी खोलीचा पेट्रॉफ-हाउसर चेंबर लागते, तो महाग पडते.

न्यूबॉर चेंबर विकत घ्यायच्या आधी तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबवाल्याला विचारून पाहा. पहिले रक्ताच्या पेशी त्याच्यावरच मोजत, आता मशीन आल्या, त्यामुळे एखादा पडून असू शकते.