जादूची पेटी : तुमचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न : काका, शाळेच्या गॅदरिंगला मी बाटलीत नाणं घालायचा प्रयोग करतो. परवा रंगीत तालमीतच फोल्डिंग हाफ डॉलरचं, म्हणजे तुकडे करून रबरानं जोडलेल्या, घडी होणाऱ्या अमेरिकन नाण्याचं रबर तुटलं. साधं रबरबँड कडेला जाड दिसतं. नवं नाणं परवडत नाही. — एक शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : गुरुजी, तालमीत तुटलं हे नशीब समजा. माझं मंगळवार पेठेत गणपतीच्या मांडवात, ऐन प्रयोगात तुटलं होतं. मधला तुकडा माझ्या हातात, कडेचा थेट पहिल्या रांगेत. एका पोरानं तो उचलला आणि ओरडलं, "काका, तुमचा डॉलर फुटला की!" त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी त्या पोराला पडली.

तुमच्या नाण्याला काही झालेलं नाही. तीन तुकडे आणि कडेच्या खाचेत बसलेलं रबर, एवढाच त्याचा संसार. दातांना तारा बसवणारे डॉक्टर जी बारीक रबरं देतात, ती मागून आणा. हाफ डॉलरचा व्यास 30.6 मिलिमीटर, तेव्हा त्यांच्याकडचं मोठं माप घ्या. आधी खाच साफ करायची. जुनं रबर विरघळून चिकटलेलं असतं, ते टूथपिकनं खरवडा, स्पिरिटचा बोळा फिरवा, वाळू द्या. मग तिन्ही तुकडे जुळवून वरून सेलोटेपची पट्टी मारा, म्हणजे हलणार नाहीत. रबरात दोऱ्याचे दोन फास अडकवा. एक बाजू अंगठ्यानं खाचेत दाबून धरा, दोऱ्यानं बाकीचं ताणत कडेवरून उतरवा आणि दोरा हळूच ओढून काढा. पहिल्यांदा चार-पाच रबरं तुटतील, तुटू द्या.

तेल मात्र थेंबभरही नको. मी उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढली, तेलाचा हात सुटत नाही. पण तेलानं रबर फुगतं आणि सैल पडतं. नाणं घडी घालून ठेवू नका, गाडीच्या डिकीत तर नकोच. प्रयोगाच्या आदल्या दिवशी रबर बदलायचं, जुनं चांगलं दिसत असलं तरी.

प्रश्न : कवचाचं नाणं (दुसऱ्या नाण्यावर टोपीसारखं बसणारं पोकळ नाणं) फरशीवर पडलं. आता आतलं नाणं अडकतं. कानशीनं घासू का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : कानस लांब ठेवा! कवचाची भिंत कागदासारखी पातळ, घासलीत तर संपली. आतलं नाणं बाहेर येत नसेल तर त्याच्या उघड्या बाजूला दुहेरी चिकटपट्टी लावून सरळ वर ओढा. मग ते परत बसवून हळूहळू फिरवा. जिथं अडेल तिथं मार्करनं खूण. तेवढीच कड आत वळलेली असते. गुजरीत सराफांकडे अंगठ्या गोल करायची निमुळती गुळगुळीत दांडी असते, तिच्यावर ती कड आतून दाबत फिरवायची, ठोकायची नाही. सराफाचा हात यात माझ्यापेक्षा हलका, त्यालाच द्या. आणि नाणं पितांबरीनं चकचकीत करू नका. 1964 चा हाफ डॉलर असेल तर त्यात 90 टक्के चांदी, ते काळवंडणारच. कवच आणि साधी नाणी एकाच रंगाची दिसली म्हणजे झालं.

प्रश्न : आपल्या पाचच्या नाण्याचं कवच लेथवर काढून मिळेल का? — एक विद्यार्थी, कागल

उत्तर : काढता येतं, पण मी काढून देणार नाही. 2011 च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला बंदी आहे. आणि उद्यमनगरातल्या कुणाला माझं नाव सांगून गळ घालू नकोस.