दुधाळ ऑइल, उतरतं कूलंट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी 250 सीसीची टू-स्ट्रोक डर्ट बाइक आहे. ऑइल बदलायला ड्रेन बोल्ट काढला, तर गिअरबॉक्समधून दुधाच्या चहासारखं ऑइल आलं. रेडिएटरमधलं कूलंटही उतरतंय. मेकॅनिक म्हणतो हेड पॅकिंग गेलं, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हेडला इतक्यात हात लावू नका. ऑइल दुधाळ झालं म्हणजे त्यात पाणी मिसळलंय, पण ते कुठून आलं हे आधी बघा. टू-स्ट्रोकमध्ये हेड पॅकिंग (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडच्या मधलं पॅकिंग) गेलं तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं किंवा बाहेर येतं. गिअरबॉक्सचा कप्पा वेगळा असतो, तिकडे जायला त्याला सरळ वाट नसते. हेड पॅकिंग गेल्याच्या खुणाही निराळ्या : गोडसर वासाचा पांढरा धूर, ओव्हरफ्लो नळीतून कूलंट बाहेर फेकलं जाणं आणि पिस्टनचा माथा एका बाजूला धुतल्यासारखा लख्ख दिसणं. यातलं काहीच नसेल, तर संशय वॉटर पंपावर घ्या.

पंपाचा शाफ्ट उजवीकडच्या क्लच कव्हरमधून आरपार जातो. एका टोकाला ऑइलमध्ये फिरणारा गिअर, दुसऱ्या टोकाला कूलंटमध्ये फिरणारा इम्पेलर (कूलंट ढकलणारी पात्यांची चक्री), आणि मध्ये दोन सील, म्हणजे शाफ्टला ओठासारखी कड टेकवून गळती अडवणाऱ्या रबरी कड्या. एक ऑइल अडवतो, दुसरा पाणी, म्हणजे कूलंट. बहुतेक गाड्यांत या दोन सीलच्या मधल्या पोकळीतून पंपाखाली एक बारीक छिद्र काढलेलं असतं. कुठलाही सील गेला की तिथून ठिबकतं, म्हणजे मालकाला वेळेत कळतं. आपल्याकडे हे छिद्र चिखलाने बुजलेलं असतं, नाहीतर ‘लीकेज थांबवायला’ कुणीतरी त्यात सिलिकॉन भरलेलं असतं. मग पाण्याच्या सीलमधून सुटलेलं कूलंट बाहेर पडू शकत नाही आणि ऑइल सीलच्या ओठाखालून आत शिरतं.

तपासणी अशी करा. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात ओता. 800 मिली भरलं होतं आणि 870 निघालं, तर निदान 70 मिली पाणी आत गेलं. निदान म्हणायचं कारण, थोडं ऑइल आत चिकटून राहतंच. आता इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून तिथे हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा आणि 1 बार, म्हणजे साधारण 15 पीएसआय, दाब द्या. तुमच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका. क्लचचं बाहेरचं गोल झाकण काढून आत टॉर्च मारा आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला आणि पंपाच्या शाफ्टकडून ओघळ आला, की चोर सापडला. काही सील शाफ्ट स्थिर असताना गळत नाहीत. काटा हलला नाही तर स्पार्क प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि दाब तसाच ठेवून किक हळूहळू फिरवा. ओघळ शाफ्टकडून न येता कव्हरच्या कडेने येत असेल, तर कव्हरचं पॅकिंग किंवा पाण्याच्या वाटेवरची ओ-रिंग बघा.

प्रश्न : कूलंटची पातळी जराही हलत नाही, तरी ऑइल दुधाळ होतं. असं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मग ते कूलंट नाहीच. प्रेशर वॉशरने धुताना किंवा ओढा ओलांडताना पाणी आत गेलंय. गरम गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाइपातून (गिअरबॉक्समधली हवा ये-जा करणाऱ्या नळीतून) पाणी ओढलं जातं. पाइपाचं टोक टाकीखाली उंचावर न्या. क्लच आर्म, किक शाफ्ट आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या मागचा सील बघा. तिथे वॉशरचा फवारा जवळून मारू नका. तापलेल्या तव्यावर ऑइलचा थेंब टाकून तडतडतो का, हे बघण्याची युक्ती बरोबर आहे, पण त्यातून पाणी आहे एवढंच कळतं, कुठून आलं ते कळत नाही. त्यासाठी पातळीवर खूण करून गाडी दोनतीनदा चालवणं, हाच उपाय. आणि चव घेऊन बघू नका : कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं. गोडसर असल्याने कुत्रीही ते चाटतात, म्हणून काढलेलं ऑइल उघडं ठेवू नका.

प्रश्न : दोन्ही सील नवे टाकले. दुसऱ्याच राइडला पुन्हा दुधाळ.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी शाफ्ट बघा. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे आणि त्या शाफ्टवर कुठलाही सील टिकणार नाही. मग बेअरिंग : शाफ्ट आडवा हलवून पाहा, खेळ जाणवला तर तेही बदला, नाहीतर डगमगणारा शाफ्ट नवा सील पुन्हा खातो.

बाकी चूक बसवण्याची. सीलची स्प्रिंगवाली बाजू तो ज्याला अडवतो त्याच्याकडे हवी, म्हणजे ऑइल सीलची बेअरिंगकडे आणि पाण्याच्या सीलची इम्पेलरकडे. दोन्ही एकाच दिशेने ठोकलेले असणं ही नेहमीची चूक. सील इतका खोलही जाऊ नये की मधलं छिद्र झाकेल. ओठाला ग्रीस लावा आणि शाफ्ट गोल फिरवत घाला. सरळ ढकलला तर ओठ दुमडतो. जुना सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना ॲल्युमिनियमच्या घराला ओरखडा पडला असेल, तर सीलच्या बाहेरूनही गळेल. कव्हरच्या 6 मिमी बोल्टना 10 न्यूटन-मीटर बहुधा पुरतं, पण मॅन्युअलमधला आकडा बघा.

कूलंट सिलिकेट नसलेलं आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मंनिम्मं घ्या. बोअरचं पाणी घातलं की क्षार शाफ्टवर बसून ओठ घासतात.

प्रश्न : दुरुस्तीनंतर गिअरबॉक्स डिझेलने धुऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : डिझेल घालून इंजिन चालवू नका, गिअर आणि बेअरिंगला त्यातून पुरेसं वंगण मिळत नाही. स्वस्त पण क्लचला चालणारं, डब्यावर जेएएसओ एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं ऑइल भरा. स्टँडवर दोनतीन मिनिटं चालवा, क्लच दाबत-सोडत राहा आणि गरम असतानाच काढा. ऑइल स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. क्लच घसरत असेल तर प्लेट काढून पुसा आणि नव्या ऑइलमध्ये रात्रभर भिजवा. फायबर सुटत असेल किंवा फुगलेलं दिसलं तर संच बदला. आणि हे सगळं महिनाभर लांबवू नका. पाणी आत राहिलं तर बेअरिंगला गंज धरतो.