ठिबकच्या अनुदानाचा अर्ज पहिल्यांदा भरताय? आधी हे बघा

दादा, योजना आपल्या मराठवाड्यातही येतात. त्या हुकतात त्या बहुतेक कागदांपायी, आळसापायी नाही. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरायच्या संकेतस्थळावर, जाण्याआधी सातबारा आणि आधार शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकावर ‘ज्ञानोबा’ अन् दुसऱ्यावर ‘ज्ञानेश्वर’ असेल तर तिथंच गाडी अडते. सातबाऱ्यावरची लेखनचूक असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलला अर्ज द्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते वारस नोंदीत. वडील जाऊन वर्षं होतात, जमीन अजून त्यांच्याच नावावर. पेरणी चालू असते म्हणून कुणाला टोचत नाही, पण अर्ज करायला नाव लागतं. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडं आजच जा. फेरफाराला, म्हणजे नाव बदलाच्या नोंदीला, हरकतीची १५ दिवसांची मुदत असते, म्हणजे हे काम ऐनवेळी होत नाही.

मग एवढंच:

- शेतकरी ओळखपत्र काढा, ८-अ (आपल्या नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा) काढून ठेवा.
- बँक खातं आधारशी जोडलंय का, शाखेत विचारा. नुसतं केवायसी झालं म्हणजे जोडलं असं नाही. अनुदान आधारजोड खात्यातच पडतं.
- कृषी विभागाची पूर्वसंमती (खरेदीआधीची मंजुरी) मिळाल्याशिवाय नळ्या घेऊ नका. दुकानदार घाई करतो, पण आधीचं बिल धरत नाहीत.
- मोबाईल नंबर स्वतःचा द्या, सेवा केंद्रवाल्याचा नको. निवड झाल्याचा मेसेज तिकडं गेला तर कागद चढवायची मुदत निघून जाते.

बाकी आराखडा, मोजणी नंतर बघू. अडलं तर कृषी सहायकाला बेधडक विचारा.